बालवीर पथकात मुलींचा प्रवेश : समांतर रचना आणि सामायिक रचना

प्रस्तावना

शिरोड्याची मिठागरे म्हटली की १९३० च्या मे महिन्यातील सत्याग्रह आठवतो. त्याच वर्षी १२ मार्चला साबरमतीहून निघालेल्या दांडीयात्रेत गांधीजींनी सोबत घेतलेल्या ७८ सहकाऱ्यांत मात्र एकही स्त्री नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी या बाबतीत गांधीजींकडे आग्रह धरला, आणि ६ एप्रिलला मुंबईत कायदेभंग करणाऱ्या पहिल्या तुकडीत कमलादेवी व अवंतिकाबाई गोखले या दोघी सहभागी झाल्या. गणवेश, संचलन, छावणी आणि स्वयंसेवकांची शिस्त ही पुरुषांची बाब मानण्याची रीत त्या काळी किती रूढ होती, हे या एका प्रसंगावरून ध्यानात येते. प्रस्तुत लेखात बालवीर अर्थात स्काऊट चळवळीच्या आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या महाराष्ट्रातील संघटनांच्या आधारे, मुलींना अशा पथकांत स्थान कोणत्या मार्गांनी मिळाले आणि त्या मार्गांचे परिणाम काय झाले, याचा विचार करावयाचा आहे.

चळवळीचा आरंभ

बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर घेतलेले पहिले शिबिर केवळ मुलांचे होते. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यात काही मुली स्वतःला स्काऊट म्हणवीत उपस्थित झाल्या. त्यांना परत पाठविणे अवघड आणि मुलांच्या पथकात घेणे त्या समाजाला अमान्य, अशा पेचातून १९१० मध्ये गाइड संघटना निघाली व तिची सूत्रे बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्याकडे सोपविण्यात आली. गाइड चळवळीचा उगम मुलींच्या स्वतःच्या मागणीत आहे, ही गोष्ट आपल्याकडील लेखनात पुरेशी अधोरेखित होत नाही. मुलींनी मागितले होते स्काऊटिंग. त्यांना मिळाली वेगळी संघटना.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. १९०९ मध्ये बंगळुरू येथे सुरू झालेले पथक भारतीय मुलांसाठी नव्हते. येथे पहिला अडसर वंशाचा होता, लिंगाचा त्यानंतरचा. १९११ मध्ये जबलपूर येथे गाइडचे पहिले पथक निघाले. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट यांनी आणि अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या, तेव्हा कोठे हे दार उघडू लागले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी विविध स्काऊट संघटनांचे एकीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था अस्तित्वात आली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड संघटनाही तीत विलीन झाली.

भारतीय तोडगा व त्याची मर्यादा

ही रचना जगाच्या तुलनेत वैशिष्ट्यपूर्ण म्हणावी लागेल. अनेक देशांत स्काऊट आणि गाइड या आजही दोन स्वतंत्र संस्था आहेत. आपल्याकडे संस्था एक आणि शाखा दोन. चिन्हात स्काऊटचे कमलपुष्पसदृश फूल, गाइडचे त्रिदल आणि अशोकचक्र एकत्र आहेत. मुले कब, स्काऊट, रोव्हर तर मुली बुलबुल, गाइड, रेंजर या क्रमाने पुढे जातात. प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार ही शिडी दोघांनाही उपलब्ध आहे. गाइडांच्या जागतिक संघटनेच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, ‘संगम’, १९६६ पासून पुण्यात आहे, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय.

कागदावर समानता आहे, यात शंका नाही. अडचण सुरू होते ती शाळेच्या पायरीवर. गाइड पथकाची प्रमुख, म्हणजे गाइड कॅप्टन, स्त्रीच असावी लागते. ज्या शाळेत प्रशिक्षित शिक्षिका नाही, किंवा आहे पण घर व नोकरी सांभाळून सात-आठ दिवसांच्या प्रशिक्षणास जाणे तिला शक्य नाही, तेथे गाइड पथक निघत नाही. शिक्षक उपलब्ध असल्यास त्याच शाळेत स्काऊट पथक मात्र चालते. कोणीही मुलींना नकार दिलेला नसतो. तरीही मुली बाहेर राहतात. समांतर रचनेचा हा दोष नियमांत शोधून सापडत नाही, कारण तो मनुष्यबळाच्या वाटणीत दडलेला असतो. कोकणातील कमी पटाच्या शाळांना तो सर्वाधिक जाचतो.

महाराष्ट्रातील दोन मार्ग

याच प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे महाराष्ट्राने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दिली होती. संघाच्या कार्यात स्त्रियांनाही स्थान असावे, या विचाराने लक्ष्मीबाई केळकर यांनी डॉ. हेडगेवार यांची भेट घेतली. त्यातून स्वतंत्र संघटनेचा मार्ग पुढे आला आणि १९३६ च्या विजयादशमीला वर्धा येथे राष्ट्र सेविका समितीची स्थापना झाली. दुसरे उत्तर राष्ट्र सेवा दलाचे. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये सुरू केलेल्या हिंदुस्थानी सेवा दलाचा वारसा सांगणारे हे संघटन ४ जून १९४१ रोजी पुण्यात नव्याने उभे राहिले व एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले. मुलामुलींच्या एकत्र शाखा हे त्याचे ठळक वैशिष्ट्य. खेळ, कवायत, बौद्धिक आणि श्रमदान एकाच मैदानावर होई. कलापथकाबरोबर मुलीही गावोगाव फिरल्या, रंगमंचावर उभ्या राहिल्या. चाळीसच्या दशकातील मध्यमवर्गीय मराठी घराने आपली मुलगी अशा दौऱ्यावर पाठविणे ही लहान गोष्ट नव्हती. तिच्यामागे ओळखीच्या कार्यकर्त्या कुटुंबांवरचा विश्वास होता, नियमावली नव्हे. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते यांच्यासारखे नेतृत्व याच मुशीतून पुढे आले.

दोन्ही उत्तरांचे मूल्यमापन एकाच मापाने करणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही. स्वतंत्र संघटनेत सर्व पदे स्त्रियांकडेच असतात. निर्णय घेण्याची सवय तेथे आपोआप लागते. एकत्र शाखेत ती संधी झगडून मिळवावी लागते, परंतु मुलगेही मुलीच्या आज्ञेवर संचलन करण्यास शिकतात. हे दुसरे शिक्षण स्वतंत्र रचनेत होऊ शकत नाही.

अलीकडील अनुभव

ब्रिटनमध्ये स्काऊट संघटनेने १९७६ मध्ये ज्येष्ठ विभाग आणि १९९१ मध्ये सर्व विभाग मुलींना खुले केले. २००७ पासून प्रवेश सर्वत्र बंधनकारक झाला. अमेरिकेत २०१८ व २०१९ मध्ये टप्प्याटप्प्याने प्रवेश देण्यात आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थेच्या नावातील ‘बॉय’ हा शब्दही गळाला. विरोध केवळ रूढिप्रिय पालकांचा नव्हता. तेथील गर्ल स्काऊट्स संस्थेने, केवळ मुलींसाठीचे अवकाशही आवश्यक आहेत, अशी भूमिका घेतली व नावाच्या वापरावरून न्यायालयातही धाव घेतली.

आपल्या शेजारी पाहू. सातारा येथील १९६१ ची सैनिक शाळा देशातील पहिली. २०२१-२२ पासून सैनिक शाळांचे दार मुलींना सर्वत्र उघडले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील अंतरिम आदेशानंतर खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये १९ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. येथे मुलींसाठी दुसरी प्रबोधिनी काढलेली नाही, हे विशेष लक्षणीय होय.

महाविद्यालयांपुढील प्रश्न

राष्ट्रीय छात्र सेनेत १९४८ मध्ये मुलांचा व १९४९ मध्ये मुलींचा विभाग सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२० रोजी सीमावर्ती व किनारी जिल्ह्यांसाठी एक लाख छात्रांच्या विस्ताराची घोषणा झाली, तीत सुमारे एक-तृतीयांश वाटा मुलींचा सांगितला गेला. सिंधुदुर्ग हा किनारी जिल्हा असल्याने हा विषय आपल्या प्राध्यापक-कक्षातलाच आहे. छात्र सेना असो वा रोव्हर-रेंजर, लहान महाविद्यालयाने कवायत, गिर्यारोहण, प्रथमोपचार व आपत्ती-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण एकत्र घ्यावे आणि निवास व त्यावरील देखरेख मात्र स्वतंत्र ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. पथकनायकपद आलटून-पालटून मुलीकडे यावे. अन्यथा एकत्र पथकात हजेरी मुलींची आणि आज्ञा मुलांची, असे घडते.

शिबिराच्या परवानगीसाठी पालकांना पाठविलेल्या पत्रात मुक्कामाचे ठिकाण, सोबत येणाऱ्या प्राध्यापिकेचे नाव, स्वच्छतागृहांची व्यवस्था आणि परतीच्या एस.टी.ची वेळ स्पष्ट लिहिलेली असावी. वेंगुर्ले किंवा सावंतवाडीहून सायंकाळी सुटणारी शेवटची गाडी चुकली, तर मुलगी घरी कशी पोहोचणार, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. सेवा दलाच्या काळात या प्रश्नाचे उत्तर ओळखीची कुटुंबे देत असत. आता ते महाविद्यालयाला द्यावे लागेल आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वाहनाची वेगळी तरतूद करावी लागेल.