सही करण्यापूर्वी अर्ज वाचा!

आमच्या घरी विम्याची पॉलिसी वहिनींच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलेली असे. अडीअडचणीला दोन्ही उपयोगी पडतील, असा आमचा समज होता. वेळ आली तेव्हा फक्त दागिने उपयोगी पडले.

आमचे थोरले बंधू टेम्पो चालवतात. त्यांना मधुमेह आहे. आरोग्य विमा घेताना त्यांनी तसे एजंटला सांगितले होते. एजंट ओळखीचाच. तो म्हणाला, "दादा, ते लिहिलं तर हप्ता वाढतो. तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी भरतो." दादांनी सही केली.

दुसऱ्याच वर्षी दादांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. कंपनीने जुने केसपेपर मागवले आणि उत्तर पाठवले : आजार लपवला, सबब दावा नामंजूर. एजंटने फोन उचलणेच बंद केले. शेवटी वहिनींचे गंठण मोडले, पतपेढीचे कर्ज काढले, तेव्हा दवाखान्याचे बिल भागले.

राग कंपनीचा आला, तसा स्वतःचाही आला. घरात शिकलेली माणसे असून तो अर्ज कोणीच वाचला नव्हता.

बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा सरकारच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, असे सुचवले होते. कष्टकऱ्याच्या घराला हा आधार हवाच. म्हणून विमा घेऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. पण डोळे उघडे ठेवून घ्या.

कोऱ्या अर्जावर सही करू नका. असलेला आजार लिहाच. हप्ता थोडा वाढेल, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबावे लागते. आरोग्य विमा सलग ५ वर्षे चालू राहिला, तर माहिती लपवल्याचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही. मात्र फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पॉलिसी हाती आल्यावर ती वाचा. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

दावा नाकारला तर रडत बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. मात्र नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवे.

आम्हाला हे कळले तेव्हा दीड वर्ष उलटून गेले होते. उशीर माफ करण्याचा अधिकार लोकपालांना असतो, म्हणून दादांनी तसा अर्ज केला आहे. काय निकाल लागेल ते माहीत नाही. पण या वेळी अर्जातले प्रत्येक अक्षर दादांनी स्वतःच्या हाताने लिहिले, वहिनींनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि मगच सही झाली.