गाडीभाडे, हुंडी आणि परतीची शिदोरी

सुरतेत मुगलीसरा नावाचा भाग आहे. महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय तेथेच. घराच्या उताऱ्यावरील नाव बदलणे, नकाशा, दाखला अशा कामांसाठी माणसे तेथे खेपा घालतात. पण आपण ज्या चौकात उभे आहोत तो एके काळी प्रवाशांचा उतारा होता, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या ध्यानी येत असेल. शाहजहानच्या अमदानीत, १६४४ च्या सुमारास, ही सराई बांधली गेली. मक्केचे यात्रेकरू, इराणचे सौदागर, आग्र्याकडे निघालेले व्यापारी येथे पथाऱ्या टाकीत. मधला मोकळा चौक आणि भोवतीच्या कमानी पाहिल्या की आजही त्या जुन्या वर्दळीची कल्पना येते.

गेल्या हिवाळ्यात मी बडोद्याहून सुरतेस गेलो तो अशाच कामासाठी. वडीलबंधू वारले, त्यांचे घर वहिनींच्या नावावर व्हायचे राहिले होते. पण घरात पाऊल ठेवले आणि दुसरेच प्रकरण पुढे आले. पुतण्याने आफ्रिकेत मोटारने फिरण्याचा बेत केला होता. गाडी जहाजाने मोंबासाला उतरवायची, तेथून टांझानिया, झांबिया, बोट्‌स्वाना असे करीत थेट केपटाऊनपर्यंत जायचे. बरोबर एक मित्र, मुदत अडीच महिने.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच काय ते सांगा. माझे ऐकत नाही."

पुतण्याने मात्र हसत वही पुढे केली. "काका, नाही म्हणण्यापूर्वी एकदा हिशेब तरी बघा."

हिशेब नेटका होता, यात शंका नाही. फेरफटके धरून नऊ हजार किलोमीटर, लिटरला दहा किलोमीटर या मानाने नऊशे लिटर डिझेल, म्हणून हजार लिटर धरलेले. जहाजाचे भाडे, व्हिसा, विमा, मुक्काम, जेवणखाण, टायर, सगळी कलमे ओळीने मांडलेली. तरीही काहीतरी राहिले आहे, असे मला सारखे वाटत होते. काय राहिले, ते कळले दुसऱ्या दिवशी, सराईच्या चौकात उभा असताना. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी याच गावातून लांबच्या वाटेला निघालेल्या एका माणसाचा जमाखर्च मला आठवला.

तो माणूस म्हणजे फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्नियर. सतराव्या शतकात त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या आणि १६७६ मध्ये आपले प्रवासवर्णन छापले. त्याच्या पुस्तकात हिरेमाणके आहेतच. पण आपल्यासारख्या संसारी माणसाला गोडी वाटते ती त्याच्या बारीक हिशेबांची. सुरतेहून आग्र्याला बैलगाडीने पस्तीस ते चाळीस दिवस लागतात, दिवसाचे भाडे साधारण एक रुपया, पण साऱ्या वाटेचे ठरवून घेतले तर चाळीस ते पंचेचाळीस रुपयांत काम होते. गोवळकोंड्यालाही अंतर जवळपास तेवढेच आणि भाडेही तेवढेच. स्वतःची जोडी घ्यावी तर? त्याने एका उत्तम बैलजोडीला सहाशेच्या आसपास रुपये मोजले. म्हणजे भाड्याच्या गाडीने आग्र्याच्या तेरा खेपा झाल्या असत्या तेवढ्या पैशांत घरची एक जोडी! पण ती जोडी साठ साठ दिवसांची मजल दमदारपणे मारीत असे. दुपारच्या विसाव्याला बैलांना कणकेचे, तूप-गूळ घालून मळलेले गोळे आणि संध्याकाळी भरडून भिजवलेले हरभरे. थोडक्यात, त्या काळचे डिझेल लाडवांच्या रूपाने भरावे लागे.

वाटही आपल्या माहितीची आहे. सुरत, बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडे, थाळनेर, चोपडे, आणि मग बऱ्हाणपूर. आज सुरत-भुसावळ लोहमार्ग थोड्याफार फरकाने याच तापीकाठच्या मुलखातून जातो. वाटेवरचे सोनगड तर बडोदेकरांना सांगायलाच नको. पुढे गायकवाडांचे पहिले ठाणे तेथेच झाले. नवापूरच्या तांदळाचे टॅव्हर्नियरने तोंड भरून कौतुक केले आहे. दाणा साध्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र, वास कस्तुरीचा; इराणात कोणाला भेट न्यायची तर या तांदळाची गोणी न्यावी, असे तो सांगतो.

हे झाले गाडी आणि चंदी यांचे. पण खरा खर्च त्यांच्या पलीकडे होता. इभ्रतीने प्रवास करणारा माणूस बरोबर वीस-तीस हत्यारबंद शिपाई घेई. एकेका माणसाचा पगार महिना चार रुपये. प्रवास साठ दिवसांहून लांबला तर पाच. वीस माणसे धरली तरी महिन्याला ऐंशी रुपये, म्हणजे गाडीभाड्याच्या जवळजवळ दुप्पट! जाण्याचा खर्च कमी आणि सुखरूप जाण्याचा अधिक, हा लांबच्या वाटेचा पहिला नियम येथे दिसतो. या माणसांवर एक नाईक असे, आणि सर्वांच्या इमानाचा तो जामीन असे. हा जामीन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरे कलम नाण्याचे. गुजरातेत रुपयाबरोबर महमुदी चाले. सुरतेस रुपयाचे एकोणपन्नास-पन्नास पैसे मिळत, कधी भाव सेहेचाळीसपर्यंत उतरे. आग्र्यास पंचावन्न-छपन्न मिळत, कारण तांब्याच्या खाणी तिकडे जवळ. पैशाहून लहान देवघेव इराणातून येणाऱ्या कडू बदामांनी होई, एका पैशाला पस्तीस ते चाळीस बदाम. कडू असल्याने पोरे ही मोड खाऊन टाकतील अशी भीती नसे! रुपया जुन्या सालचा असला की सराफ वटाव कापून घेई. हसू नये. आजही आफ्रिकेतल्या पुष्कळ ठिकाणी जुन्या सालच्या डॉलरच्या नोटा सराफ घेत नाहीत, किंवा कमी भावाने घेतात. खिशातले नाणे खरे असून चालत नाही, ते समोरच्याला पसंत पडावे लागते.

तिसरे कलम हुंडीचे. रोकड घेऊन जाणे धोक्याचे म्हणून आग्र्याला रक्कम उचलायची आणि सुरतेस फेडायची. त्याचा दर आग्र्याला शेकडा सव्वाचार ते पाच, लाहोरला सव्वासहा, पाटण्याला सात-आठ, डाक्क्याला थेट दहा. बऱ्हाणपूरला मात्र अडीच-तीन आणि अहमदाबादला एक-दीड. हजार रुपयांची हुंडी आग्र्याला केली तर बेचाळीस ते पन्नास रुपये त्यातच गेले, म्हणजे एका गाडीचे सारे भाडे. दर एवढा चढा का? तर वाटेत माल लुटला गेला तर सावकाराचा पैसाही बुडे. म्हणजे हुंडीत व्याज होते, तसा विमाही होता. एखादा राजा वाटेवर लढाईला उभा राहिला की दर आणखी एक-दोन टक्क्यांनी वर जाई. पेढीवरचा दर ऐकला की पुढची वाट कशी आहे, ते कळत असे.

चौथे कलम नजराण्याचे. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ सुवाळीला उतरला आणि बऱ्हाणपुरावरून डिसेंबरात अजमेरला पोहोचला. वर्षाला सहाशे पौंड पगार असूनही दरबारात त्याची ओढाताण झाली, कारण भेटीच्या वस्तू तेथल्या मानाने तोकड्या पडत. सुरतेच्या जकातीत खाजगी व्यापाऱ्याला चार-पाच टक्के पडत, इंग्रज-डच कंपन्यांना कमी. परंतु दरबारचे वकील आणि नजराणे धरले तर त्यांनाही तेवढेच पडत असावे, असे टॅव्हर्नियरचे मत. सवलतीचाही खर्च असतो, तो दुसऱ्या खात्यावर निघतो इतकेच.

आणि पाचवे कलम, जे आधी कोणालाच मांडता येत नाही. १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून याच वाटेने आग्र्यास निघाला. गुजरात-खानदेशावर तो भयंकर दुष्काळ कोसळला होता. वाटेच्या कडेला प्रेते पडलेली आणि भुकेली माणसे जनावरांच्या शेणातले दाणे वेचताना त्याने पाहिली. अशा वेळी गाडीभाड्याचा ठरलेला दर काय कामाचा? पुढे १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांनी सुरतेच्या पेढ्यांचीही गणिते एका रात्रीत बदलून टाकली. आपल्या दृष्टीने तो पराक्रम. सुरतेच्या सावकाराच्या वहीत मात्र तो अनपेक्षित खर्चच.

संध्याकाळी पुतण्याची वही पुन्हा उघडली. जुनी पाच कलमे समोर ठेवून त्याचे आकडे पाहू लागलो, तो सारा काळ जणू चार पावलांवर आला. बैलाच्या जागी मोटार. राहदारीच्या जागी सीमेवरचे कर आणि अभयारण्यांची फी; टांझानियात ती माणशी चोवीस तासांच्या हिशेबाने आणि परदेशी नंबरपाटीच्या गाडीला अधिक. दस्तकाच्या जागी व्हिसा; त्यात केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा मिळून एक, ही सोय. आधी त्याला थेट कैरोपर्यंत जायचे होते. परंतु २०२३ च्या एप्रिलात सुदानात यादवी पेटली आणि उत्तरेकडची वाट त्याने सोडली. सावकार हुंडीचा दर वाढवीत असे, त्यातलाच हा प्रकार. पिवळ्या तापाची लस टोचल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि दाखल्याशिवाय त्या मुलखातून परतणाऱ्याला आपले सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते, हेही त्याने टिपले होते. पोरगा बेजबाबदार नव्हता.

"आणि ही हमीची रक्कम कुठून?" मी विचारले.

तो थोडा थांबला. परदेशात स्वतःची मोटार न्यायची तर कार्ने नावाचा एक जकातीचा कागद लागतो. गाडी त्या देशात विकली जाणार नाही, ती परत बाहेर जाईल, अशी ती हमी. गाडीची किंमत आणि वाटेतल्या देशांची जकात यांवर हमीची रक्कम ठरते. इजिप्तसारखा भारी जकातीचा देश यादीत असला की ती फुगते. ही रक्कम खर्चात धरलेली नव्हती, कारण ती परत मिळणारच होती. आणि तिच्यासाठी बँकेत तारण ठेवायची होती ती भावाने वहिनींच्या नावे ठेवलेली ठेव.

"काका, तो पैसा कुठे जात नाही. नुसता अडकून राहतो."

"गाडी वाटेत जळाली, चोरीस गेली, किंवा एका सीमेवर शिक्का मारायचा राहिला, तर?"

तो काही बोलला नाही. मी त्याला टॅव्हर्नियरचा नाईक सांगितला. वीस शिपायांच्या इमानाला तो जामीन राही. पण तो बरोबर चालत असे, वाट त्याच्या पायाखालची असे आणि माणसे त्याने स्वतः पारखलेली असत. घरात बसलेल्या बाईला झांबेझीच्या पलीकडे काय चालले आहे याची दाद ना फिर्याद, आणि जामीन मात्र तिचा! प्रवास करणाऱ्याने धोका पत्करावा, त्यात शोभा आहे. परंतु तो स्वतःच्या गाठीवर पत्करावा. आपली गाठ जेवढी, तेवढीच आपली वाट.

वहिनी आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "मी त्याला ठेव देणार नाही असे कधी म्हटले नाही, भावोजी. त्याने विचारले नाही, एवढेच." यावर बोलण्यासारखे काय उरले होते?

त्या रात्री बसून आम्ही तिघांनी हिशेब नव्याने मांडला. नव्या कोऱ्या गाडीच्या जागी घरची जुनीच न्यायची. तिची किंमत कमी, म्हणून हमी कमी, आणि ती त्याच्या स्वतःच्या शिलकीत बसते. तिकडे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, तेव्हा उजव्या सुकाणूच्या जुन्या गाडीची अडचणही नाही. आकस्मिक खर्चाला त्याने शेकडा पाच धरले होते, ते वीस केले. त्यात गाडी तेथेच सोडून माणूस विमानाने परत यायचे भाडे निराळे काढून ठेवले. त्याला हात लावायचा नाही. आणि शेवटी एक नवे कलम घातले: आपण बाहेर असतानाचा घरखर्च. अडीच महिने दिवा घरीही जळायचा असतो. पण प्रवासाच्या वहीत तो खर्च कोणी लिहीत नाही. बेरीज अर्थातच वाढली आणि बेत एक वर्ष पुढे गेला.

वाचकांना वाटेल, म्हाताऱ्याने पोराच्या उत्साहावर पाणी ओतले. तसे नव्हे. या गावाने शेकडो वर्षे माणसे लांब पाठविली, आग्र्याला, बसऱ्याला, आफ्रिकेच्या किनाऱ्याला. ती घरकोंबडी असती तर सुरतेची सुरत झालीच नसती. मात्र निघणाऱ्याने आधी सराफाच्या पेढीवर बसून दर विचारला, मगच गाडी जुंपली. त्यात भित्रेपणा कोणता?

मी बडोद्यास परतलो तेव्हा घराच्या नावाचे काम अर्धवटच राहिले होते. एक कागद कमी पडत होता. पंधरा दिवसांनी पुतण्याचा फोन आला. तो कागद शोधून त्याने स्वतः मुगलीसऱ्याला जाऊन अर्ज पुरा केला होता, आणि घर आता वहिनींच्या नावावर होत होते.

"काका," तो म्हणाला, "यादीतले पहिले कलम झाले."