सरकारी वकील आणि न्यायालय

महाराष्ट्र सरकारच्या विधी अधिकाऱ्यांच्या उतरंडीत सर्वांत वर महाधिवक्ता असतो. अनुच्छेद 165 नुसार राज्यपाल त्याची नेमणूक करतात, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याइतकी पात्रता त्याच्याजवळ असावी लागते, आणि राज्यपालांची मर्जी असेतोवर, म्हणजे व्यवहारात सरकारचा विश्वास असेतोवर, तो पदावर राहतो. विधिमंडळात त्याला बोलता येते, मत देता येत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकाची गाठ मात्र खालच्या पायऱ्यांशी पडते. सत्र न्यायालयात सरकारी अभियोक्ता आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे सहायक सरकारी अभियोक्ता फौजदारी खटला चालवतो, तर सरकारविरुद्धच्या दिवाणी दाव्यांत जिल्हा सरकारी वकील उभा राहतो. अनधिकृत इमारतींच्या प्रकरणांत महानगरपालिकेतर्फे बोलणारा वकील यांत मोडत नाही. तो पालिकेने नेमलेला असतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणात, ज्याची न्यायालयीन सुनावणी कल्याणला सुरू झाली, सरकारने उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमले, आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर तेथे महाधिवक्ता बीरेंद्र सराफ यांना सरकारची बाजू मांडावी लागली.

अभियोक्ता हा पोलिसांचा वकील नव्हे. शिक्षा कशीही पदरात पाडून घेणे हे त्याचे काम नसून आरोपीला अनुकूल असलेला पुरावाही न्यायालयापुढे येऊ देणे हे त्याचे कर्तव्य आहे. खटला मागे घ्यायचा झाल्यास, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 नुसार, अभियोक्त्याने स्वतःच्या बुद्धीने तसे ठरवून न्यायालयाची संमती मिळवावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या संहितेने संमती देण्याआधी पीडिताचे म्हणणे ऐकणेही बंधनकारक केले, ही मोलाची भर आहे.

इतके स्वातंत्र्य अपेक्षित असलेल्या माणसाची नेमणूक सरकारच्याच हाती असते, ही या व्यवस्थेची खरी अडचण आहे. याच संहितेच्या कलम 18 प्रमाणे जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून किमान सात वर्षे वकिली केलेल्यांची नामिका, म्हणजे नेमणुकीस योग्य नावांची यादी, तयार करतो. उत्तर प्रदेश सरकारने 1990 साली सगळ्या जिल्ह्यांतील सरकारी वकिलांना एका परिपत्रकाने घरी पाठवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय मनमानी ठरवून रद्द केला. नामिका तयार होताना सत्र न्यायाधीशांच्या मताला खरोखर वजन मिळाले पाहिजे, आणि ठाणे जिल्ह्यातील वकील संघटनांनी त्यासाठी आग्रह धरला पाहिजे.