अपुऱ्या गुंगीची नोंद

संपूर्ण भूल दिली म्हणजे रोग्याची शुद्ध हरपते. गुंगींत तो पेंगतो, पण हांक मारिली तर ओ देतो. दुर्बिणीनें पोट तपासतांना बहुधा गुंगीच देतात. कधीं कधीं ती पुरत नाहीं. रोगी तळमळतो आणि तपासणी अर्धी टाकावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगसंकेतावलींत भुलेच्या इतर उपद्रवांस मिळून टी ८८.५ हा एकच संकेत आहे. अमेरिकेनें २०१५ पासून चालविलेल्या तिच्या विस्तारांत फसलेल्या गुंगीस टी ८८.५२ हा निराळा संकेत आहे. मला मोलाचा वाटतो तो झेड ९२.८३: या रोग्याची गुंगी पूर्वीं फसली होती, एवढेंच तो सांगतो.

बुलढाण्याचा रोगी पुढें अकोल्यास जातो, तेव्हां हें तेथें कोण सांगणार? आमचा खेडूत तर ‘थोडें दुखलें’ म्हणून गप्प बसतो. सोसण्यांत त्यास भूषण वाटतें! संकेत नसला तरी चालेल. औषधाचें नांव, मात्रा, आणि ती पुरली नाहीं एवढी ओळ कागदावर लिहून घ्यावी. नुसती मात्रा वाढविल्यास श्वास मंदावण्याचें भय असतें. ती ओळ वाचलेला डॉक्टर भूलतज्ज्ञास आधींच बोलावूं शकतो.