मांडी घालू देणारा गुडघा

काशीला जावं, घाटाच्या पायऱ्या उतरून गंगास्नान करावं, ही कितीतरी मराठी घरांतल्या आजी-आजोबांची इच्छा. वाराणसीत ८४ घाट आहेत. अहल्याबाई होळकरांच्या नावाचाही एक आहे. पण घाट म्हटला की पायऱ्या आल्या आणि नेमके गुडघेच कुरकुरू लागतात! घाट राहिला दूर, देवघरात मांडी घालणंही बंद होतं.

गुडघ्यातली कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. कृत्रिम सांधा बसवताना सगळा गुडघा काढत नाहीत. हाडांची झिजलेली टोकं काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची गादी. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा असा बदलला आणि या शस्त्रक्रियेचं नाव घरोघरी पोचलं.

पण बराच काळ हे सांधे परदेशातून येत आणि खुर्चीत बसणाऱ्यांसाठी बेतलेले असत. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी भागतं. जिना उतरायला ९० अंशांच्या आसपास वाकावा लागतो. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १२० अंशांहून जास्त. पुण्याचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. कांतिलाल संचेती यांनी हीच गरज ओळखली. भारतीयांची हाडं आणि बैठक ध्यानात घेऊन त्यांनी 'इंडस' हा गुडघ्याचा सांधा तयार केला. २०१२ मध्ये ते पद्मविभूषणचे मानकरी ठरले.

दुसरी धास्ती पैशांची. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सरासरी दीड लाखाच्या वर विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला. रुग्णालयाचा खर्च अर्थातच वेगळा.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवसापर्यंत उभं करतात. पुढचे काही आठवडे मात्र व्यायामात कुचराई नको. खाली बसता येईल का, हे सांध्याच्या प्रकारावर आणि गुडघ्याच्या मूळ स्थितीवर ठरतं. तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारावा. आणि घरातली आई "आता या वयात कशाला?" म्हणाली, तर तिला समजवावं, की नुसतं वय मोजायचं नसतं. दुखण्यापायी तिनं काय काय सोडून दिलं, तेही मोजायचं असतं.