रहदारी
रहदारी : रस्त्यावरून होणारी माणसांची, जनावरांची व वाहनांची ये-जा. हा शब्द मराठीत फार्सीतून आला. ‘राह’ म्हणजे रस्ता व ‘दार’ म्हणजे धारण करणारा वा राखणारा. त्यावरून रस्त्याचा रखवालदार तो ‘राहदार’ आणि त्याचे काम व त्याबद्दलची आकारणी ती ‘राहदारी’. फौजदार–फौजदारी, जमीनदार–जमीनदारी या जोड्यांची घडण अशीच आहे. मराठीत पहिला स्वर ऱ्हस्व होऊन ‘रहदारी’ हे रूप रूढ झाले.

मोगल काळात राहदारी हा मुख्यतः मार्गकर होता. मार्गाचे रक्षण हे त्यामागील कारण सांगितले जाई. प्रत्यक्षात चौक्याचौक्यांवर मालावर वसुली होऊन त्याचा भार अखेर ग्राहकावर, विशेषतः धान्य घेणाऱ्यावर, पडे. दख्खनेत औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे अशा मार्गांवरील मोठे ठाणे होते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या गावास १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत हे नाव मिळाले. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारा व्यापारी मार्ग येथून जाई. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा ही वेशींची नावे शहरातून बाहेर पडणाऱ्या वाटांची साक्ष देतात.

वारसायुद्धानंतर धान्य महागले, तेव्हा औरंगजेबाने १६५९ मध्ये राहदारी माफ केली. तथापि जहागीरदारांनी व जमीनदारांनी वसुली चालूच ठेवल्याचे इतिहासकार खाफीखान नमूद करतो. मराठेशाहीत मालावरील अशा करांना सामान्यतः ‘जकात’ म्हणत. माफी असलेल्या मालास दस्तक मिळे. मुंबई इलाख्यातील अंतर्गत मार्गकर १८३८ मध्ये रद्द झाले. नगरपालिकांच्या नाक्यांवरील जकात मात्र दीर्घकाळ टिकली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईतील जकातही संपुष्टात आली.

कर गेला, तरी शब्द टिकला. मात्र त्याचा अर्थ पालटला. जो शब्द वाट अडवून घेतलेल्या पैशाचा वाचक होता, तोच आता मोकळ्या वर्दळीचा वाचक आहे. ‘वाहतूक’ (‘वाहणे’ या धातूपासून) या शब्दात माल वा माणसे वाहून नेण्याची क्रिया, तर ‘दळणवळण’ या शब्दात परस्परसंपर्क अभिप्रेत असतो. ‘रहदारी’चा रोख रस्त्यावरच राहतो. ‘रहदारीचा रस्ता’, ‘रहदारीस अडथळा’ हे प्रयोग त्याचे द्योतक होत.