संगणकाचे आजारपण व शुश्रूषा

दिनांक १९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशी शमशाबादच्या विमानतळावरून कोलकात्यास निघालेल्या एका प्रवाशाच्या हाती जो बोर्डिंग पास पडला, तो यंत्राने छापलेला नसून पेनाने लिहिलेला होता. त्याचे छायाचित्र पुढे देशभर पाहिले गेले. विमाने शाबूत होती, वैमानिक हजर होते, वीजही होती. बंद पडले होते ते संगणक. आणि ते बंद पडले ते त्यांच्या संरक्षणासाठीच पाठविलेल्या एका सुधारणेमुळे!

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि आज घरोघरी संगणक आहे. त्यात मुलांचे अभ्यास, गुणपत्रिका, लग्नकार्याची छायाचित्रे, क्वचित आजीच्या आवाजातील ओव्याही साठविलेल्या असतात. असा संगणक एके सकाळी उघडेनासा झाला तर काय करावे, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे आवश्यक आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसेल आणि कोणता तास केव्हा होईल, हे शाळेत मुख्याध्यापक ठरवितात. तद्वत् कोणत्या प्रोग्रामने स्मृतीचा कोणता भाग वापरावा, हे संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, ठरविते. 'विंडोज' ही अशीच एक कार्यप्रणाली होय. एखाद्या वर्गात गोंधळ झाला तर शाळा बंद पडत नाही. परंतु मुख्याध्यापकांच्या कचेरीतच घोटाळा झाला तर सारे व्यवहार थांबतात. कार्यप्रणालीच्या गाभ्यात घडलेली चूक अशाच प्रकारची असते.

त्या शुक्रवारी हेच घडले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचा पहारेकरी प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतो. त्याच्यासाठी आलेल्या नव्या फाइलमुळे त्याला एका यादीतील एकविसावी नोंद वाचावयाची होती. प्रत्यक्षात यादीत नोंदी होत्या वीसच! नसलेली नोंद वाचावयास तो स्मृतीच्या भलत्याच भागात शिरला आणि विंडोजने सारे काम थांबवून निळा पडदा दाखविला. हा निळा पडदा पाहून आपण भितो. वस्तुतः तो रक्षणाचा उपाय आहे. चुकीच्या स्मृतीवर विसंबून पुढे गेल्यास साठविलेली माहितीच बिघडण्याचा संभव असतो.

ती सदोष फाइल भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. अवघी ७८ मिनिटे! तेवढ्यात जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे. पडलेला संगणक नीट सुरूच होत नसल्यामुळे दूरवरून आलेले औषध बहुतेकांना घेता येईना. अखेर एकेका यंत्रापाशी माणसाला बसावे लागले. संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच साधनांनिशी सुरू करावयाचा, ती एक फाइल पुसावयाची आणि यंत्र पुन्हा चालू करावयाचे, एवढाच उपाय. परंतु तो लक्षावधी वेळा करणे भाग पडले.

ही आपत्ती मुख्यतः कार्यालयांवर आली. घरचे संगणक बहुधा वाचले. पण विंडोजच्या स्वतःच्या सुधारणा दर महिन्याला घरीही येतात आणि त्यांतही क्वचित दोष निघतो. ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या मोठ्या सुधारणेने काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच पुसून टाकल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच तिचे वितरण थांबविले आणि दोष दूर करून १३ नोव्हेंबर रोजी ती पुन्हा दिली.

आता शुश्रूषेचा क्रम सांगतो. सुधारणा चालू असता पडद्यावरील टक्केवारी हळूहळू सरकत असेल, तर धीर धरावा. वीज तोडू नये. संगणक खरोखरच अडला असेल, तर पेनड्राइव्ह, प्रिंटर इत्यादी जोडलेली उपकरणे काढून पाहावे. विंडोज सलग दोन-तीन वेळा सुरू होऊ शकली नाही, की ती आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथे 'ट्रबलशूट' व नंतर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडावे. नुकतीच आलेली सुधारणा 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून काढता येते. ते न साधल्यास 'सिस्टिम रिस्टोअर' ही सोय, पूर्वी चालू केलेली असल्यास, यंत्रणेला आधीच्या तारखेस नेते व आपल्या फायलींना हात लावीत नाही. 'रिसेट' हा मात्र शेवटचा उपाय. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडावे. मग फायली राहतात, नंतर घातलेले प्रोग्राम जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' या शब्दांचा अर्थ अक्षरशः तोच आहे, हे विसरू नये.

या कामी कधी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बिटलॉकर या कुलपाची असून बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. यंत्र धडधाकट असतानाच ती कागदावर उतरून ठेवावी.

फायली नाहीशा झाल्याचे दिसताच यंत्राचा वापर थांबवावा. फाइल पुसली म्हणजे प्रथम सूचीतील तिचे नाव जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहू शकतो. नव्या एसएसडीत मात्र ही संधी फार थोडी असते. सिकंदराबादच्या पार्कलेनवरील चेनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारात संगणक नेताना "फॉरमॅट करून द्या" असे आरंभीच म्हणू नये. "आधी आमच्या फायली काढून द्या" असे सांगावे. कार्यप्रणाली पुन्हा मिळते. आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, सुधारणा घेतल्याच नाहीत तर? तेही हिताचे नव्हे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या उपद्रवी प्रोग्रामने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांना झळ लागली. तेव्हा सुधारणा घ्याव्यात. मात्र त्यापूर्वी आपल्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी.

आपल्या नगराला हा धडा नवा नाही. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार उडविला. पडलेली घरे पुन्हा बांधली गेली. पण शहर निर्धास्त झाले ते १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरा झाल्यावर. घरच्या संगणकाचे धरण म्हणजे ती एक वेगळी प्रत होय. महिन्यातील एखाद्या रविवारचा अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवावा. विद्यार्थिमित्रांनी हे काम घरात आपल्या अंगावर घ्यावे, एवढीच आमची विनंती.